घरी शेतकरी, हुकूम आला की शिपाई : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एका वाचकाने ‘प्रादेशिक सेना म्हणजे नेमके काय’ असे विचारले होते आणि मी चार ओळींत उत्तर दिले होते. आपला कामधंदा सांभाळून नागरिकाने वर्षातले काही आठवडे सैनिकी शिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडली की वर्दी चढवावी, यासाठी १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते सुरू झालेली ही सेना, एवढेच मी लिहिले होते. त्यानंतर आलेली पत्रे व्याख्येबद्दल नव्हती. ती सोयरिकीची, नोकरीची, रोवणीची (भातलावणीची) आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती आणि शाळामास्तरकी करता करता मी बारा वर्षे या सेनेत काढली, हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून बहुधा ही पत्रे माझ्याकडे आली असावीत. त्यांतील सहा पत्रे थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. तो पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो आणि टीएच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या) भरतीला जाणार म्हणतो. नातेवाईक म्हणतात, ‘ही काही पक्की नोकरी नाही, अर्धी फौज आहे, मुलीकडचे विचारणार नाहीत.’ त्याला जाऊ द्यावे का?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, नातेवाइकांचे ‘पक्की नोकरी नाही’ हे म्हणणे खरे आहे आणि ‘अर्धी फौज’ हे म्हणणे चुकीचे आहे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या जातात आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो.

आधी पक्केपणाचे पाहू. ज्याच्या पोटापाण्याची सोय आधीच आहे त्यानेच यावे, या पायावर ही सेना उभी आहे. १८ ते ४२ वर्षे ही वयोमर्यादासुद्धा त्यामुळेच एवढी सैल आहे. शिबिराला किंवा सेवेला बोलावले, की त्या दिवसांचा पगार आणि भत्ते नियमित सैन्यातल्या त्याच दर्जाच्या माणसाइतके मिळतात. घरी असलेल्या दिवसांचा पगार मिळत नाही. निवृत्तिवेतनाचा हिशेब तर भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. शिपायाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी प्रत्यक्ष बोलावून घेतलेल्या सेवेची पंधरा वर्षे भरावी लागतात. वर्षाला दोनच महिने शिबिर झाले, तर ती पंधरा वर्षे भरायला नव्वद वर्षे लागतील. ज्यांच्या बटालियन वर्षानुवर्षे सेवेत बोलावलेल्या असतात, त्यांचीच ती भरतात आणि ते मुलाच्या हातात नसते. म्हणून तो जाणार असेल तर जाऊ द्या, मात्र वावर ठेक्याने देऊन, बैलजोडी मोडून जाऊ देऊ नका. शेती हीच त्याची नोकरी आहे असे सेना धरून चालते. घरानेही तेच धरून चालावे.

आता अर्धेपणाचे. हुकूम निघाला की या शिपायाला नियमित जवानाचाच सैन्य कायदा लागू होतो, आणि १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही लढायांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्या होत्या. गावाला मात्र हे दिसत नाही, कारण गाव माणसाला त्याच्या गैरहजेरीवरून मोजते. नियमित फौजी वर्षभर दिसत नाही म्हणून तो फौजी. आम्ही दहा महिने चावडीवर दिसायचो, म्हणून आमची थट्टा. पहिल्या शिबिरावरून परतलो तेव्हा पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातलेली काळी पेटी घेऊन मी एसटीतून उतरलो, आणि पानठेल्यावरच्या एकाने विचारले, ‘सुटीवर आले का मास्तर, की परत पाठवलं?’ त्याच्या मनात खोट नव्हती. दोन महिन्यांत संपणारी फौज त्याच्या डोक्यातच बसत नव्हती. (तोच गृहस्थ संध्याकाळी कॅन्टीनच्या बाटलीची चौकशी करायला घरी आला. आमचा जिल्हा दारूबंदीचा असल्याने वर्दीचा तेवढा भाग कोणाला समजावून सांगावा लागत नसे.)

२००८ पासून एक फरक पडला. कपिल देव यांना २००८ मध्ये आणि महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केले गेले, धोनी २०१९ मध्ये काही दिवस काश्मीरमध्ये तुकडीसोबत राहिले, आणि ‘टीए’ ही दोन अक्षरे खेड्यातल्या पोरांच्या तोंडी आली. नाव माहीत झाले हे चांगलेच झाले. परंतु मानद हुद्दा आणि दहावीला पंचेचाळीस टक्के घेऊन मैदानात धावणारा शिपाई यांच्यातले अंतर कोणी सांगितले नाही. मुलीकडच्यांना तुम्ही स्वतःच सांगा की मुलगा शेतकरी आहे आणि बोलावल्यावर शिपाई आहे. ‘मुलगा मिलिटरीत आहे’ एवढेच सांगून जमवलेली सोयरीक पहिल्या रिकाम्या महिन्यात अडचणीत येते. ते मी आमच्याच तुकडीत दोनदा पाहिले.

प्रश्न : आमच्या लहानशा शिक्षणसंस्थेतील लिपिक प्रादेशिक सेनेत आहे. पूर्वी तो उन्हाळ्यात दोन महिने जायचा आणि काही अडत नसे. आता त्याला सेवेत बोलावले असून तो केव्हा परतेल हे सांगता येत नाही. पगारबिले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सर्व खोळंबले आहे. काही सदस्य म्हणतात, त्याचा राजीनामा घ्यावा आणि दुसरा माणूस नेमावा. कायदा काय सांगतो?
— संस्थेचे सचिव, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : सचिव महोदय, राजीनामा मागू नका. प्रादेशिक सेना कायद्याने हे दार बंद केलेले आहे. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला ती सेवा संपल्यावर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि तेही मधला खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्यांपेक्षा कमी नसलेल्या अटींवर. हे कर्तव्य टाळण्याच्या हेतूने आधीच कामावरून काढले तरी ते संपत नाही, आणि बोलावण्याचा हुकूम निघाल्यानंतर काढले असेल तर हेतू टाळण्याचाच होता असे धरले जाते. तसा नव्हता हे मालकाने सिद्ध करायचे असते. भविष्यनिर्वाह निधीसारखे त्याचे हक्कही या काळात अबाधित राहतात. वाद झाल्यास त्यावर निर्णय देणारा अधिकारीही याच कायद्याने नेमला जातो.

तुमच्या सदस्यांची चिडचीड मात्र मला समजते. पूर्वी मे महिन्यात गेलेल्या लिपिकाची उणीव कोणालाच भासत नसे, त्यामुळे त्याच्या सैनिक असण्याची कोणतीही किंमत संस्थेला मोजावी लागली नव्हती. ६ मे २०२५ च्या आदेशाने ते चित्र बदलले. केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतल्या कोणालाही सेवेत बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करण्यास मंजुरी दिली. या आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. रेल्वे किंवा तेलकंपन्या यांना असा प्रसंग जड जात नाही, कारण त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या स्वतंत्र तुकड्याच आहेत आणि एकाच्या जागी बसवायला त्यांच्याकडे दहा माणसे असतात. एका लिपिकावर चालणाऱ्या शाळेने बदली माणूस कोठून आणावा, याचे उत्तर हा कायदा देत नाही. ही उणीव आहे आणि ती बोलून दाखवण्यात देशद्रोह नाही.

व्यवहारापुरते सांगायचे तर त्याच्या युनिटकडून बोलावल्याचे पत्र मागवून दप्तरी लावा, त्याच्या जागी येणाऱ्या माणसाच्या नेमणूकपत्रात ‘मूळ कर्मचारी परत येईपर्यंत’ असे स्पष्ट लिहा, आणि या काळातील वेतनाबाबत शिक्षणाधिकारी कार्यालयाचे म्हणणे तोंडी न घेता लेखी घ्या. आणखी एक गोष्ट तुमच्या सभेत वाचून दाखवण्याजोगी आहे. शासकीय नोकरीतल्या आणि सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांतल्या २० ते ४० वर्षे वयाच्या माणसाला, त्याने स्वतः नाव नोंदवलेले नसले तरी, या सेनेत काम करायला लावण्याची तरतूद याच कायद्यात आहे. तुमचा लिपिक निदान आपण होऊन गेला.

प्रश्न : मी सतरा वर्षे होमगार्ड आहे. गणपती, देवी, निवडणूक, सगळे बंदोबस्त केले. आम्हीही राखीव दलच की नाही? मग आम्हाला सैनिक का म्हणत नाहीत?
— एक होमगार्ड, रिसोड तालुका, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, होमगार्ड हे नागरी दल आहे. ते डिसेंबर १९४६ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात सुरू झाले आणि ते गृहखात्याच्या अखत्यारीत पोलिसांना साहाय्य करते. प्रादेशिक सेना संरक्षण खात्याची. त्यामुळे सैनिक ही संज्ञा तुम्हाला लागू होत नाही. मानधनाचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी इतर वाचकांसाठी सांगतो की होमगार्डचा महिन्याचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका पडेल असा दर ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आणि आपल्या राज्याने २०२४ मध्ये रोजचे ५७० रुपये वाढवून १०८३ केले. तुमच्या पत्रातली खंत मात्र आमच्या खंतीची सख्खी बहीण आहे. तुम्ही चौकात रोज दिसता, म्हणून गाव तुम्हाला नावाने हाक मारते आणि हुद्दा विसरते.

प्रश्न : माझे पती प्रादेशिक सेनेत आहेत. पऱ्हे (धानाची रोपे) टाकून झाले आणि त्यांना बोलावणे आले. मी आणि सासूबाईंनी बाया लावून रोवणी उरकली. १५ ऑगस्टला गावाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. पण सोसायटीचे कर्ज, धानाची नोंदणी, जेथे जावे तेथे ‘सातबारा ज्याच्या नावे त्याला आणा’ असे ऐकावे लागते. याच काळात शेजाऱ्याने धुरा कोरून आमच्या बांधीत दोन हात शिरकाव केला. सत्कार खरा की ही अडवणूक खरी?
— एक वाचक भगिनी, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, दोन्ही खरे आहेत, आणि बहुधा एकाच माणसांनी केलेले आहेत.

पहिल्यांदा कामाचे बोलू. पतींकडून शेतीच्या व्यवहारापुरते मुखत्यारपत्र करून घ्या; ते सुटीवर येतील तेव्हा पहिल्याच दिवशी हे काम उरका, कारण शेवटच्या दिवशी ठेवलेले काम कधीच होत नाही. ई-पीक पाहणी त्यांच्याच मोबाइलवरून व्हायला हवी असे नाही. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. धुऱ्याचे भांडण तोंडाने भांडू नका, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. त्यासोबत पतींना त्यांच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करायला सांगा. जवानाच्या जमिनीच्या तक्रारीवर कमांडिंग ऑफिसरने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिण्याची फौजेत जुनी रीत आहे. ते पत्र आले, की तहसिलीतला कागद जागचा हलतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही द्या. शेजाऱ्याने दिवाणी दावा ठोकलाच, तर १९२५ चा एक जुना पण चालू कायदा आहे, भारतीय सैनिक (दावे) अधिनियम. विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेवर असलेला जवान हजर राहू शकत नाही असे जिल्हाधिकारी न्यायालयाला कळवू शकतात, आणि त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये म्हणून ते प्रकरण थांबवता येते. सेवेत बोलावलेला तुमचा पती या कायद्याच्या दृष्टीने पूर्ण सैनिक आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. आमच्या भागात इर्जिक नावाची रीत होती. ज्याच्या घरी कर्ता माणूस नाही किंवा ज्याचे बैल बसले, त्याच्या वावरात एका दिवशी साऱ्या गावाच्या जोड्या उतरायच्या, आणि त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचे. माझी तुकडी एकदा शिबिर संपल्यावरही मागे ठेवून घेतली. पेरणी झालेली होती, पावसाने उघाड दिली होती, आणि डवरणी आठ दिवस लांबली असती तर कपाशी तणाखाली गेली असती. सालदार त्याच आठवड्यात तापाने पडला. शेजारचा माणूस, ज्याच्याशी आमचे पाण्याच्या पाटावरून बोलणे बंद होते, त्याने सकाळी आपली जोडी आणि डवरा आमच्या वावरात घातला. दोन दिवस डवरले, तिसऱ्या दिवशी आपले वावर धरले. घरच्यांनी चहा पाठवला तो त्याने घेतला, बोलला मात्र नाही. मी परत आल्यावर ग्रामपंचायतीने माझा सत्कार ठेवला आणि तो त्याला आला नाही. आमचे बोलणे पुढच्या पोळ्यापर्यंत बंदच होते.

गावे पूर्वी चांगली होती आणि आता बिघडली, असे मी म्हणत नाही. तुमचा धुरा कोरणारा तेव्हाही होताच. परंतु ट्रॅक्टर आला, मजुरी रोखीने मोजली जाऊ लागली, आणि बाहेर गेलेल्या माणसाचे काम गावाने वाटून घेण्याची सवय मोडली. त्याच सुमारास टीव्हीवर आणि मोबाइलवर फौज रोज दिसू लागली, त्यामुळे आदर वाढला. आदर शालीच्या रूपाने देता येतो, तो एका सकाळी उरकतो. मोझरीचे तुकडोजी महाराज १९६२ आणि १९६५ मध्ये जवानांना धीर देण्यासाठी भजने घेऊन थेट सीमेवर गेले होते. तुमच्या ग्रामपंचायतीला सीमेवर जाण्याची गरज नाही. सोसायटीच्या सचिवाला एक ठराव पाठवून ‘यांची सही मुखत्यारपत्रावर चालवून घ्या’ एवढे सांगता येईल. ग्रामसभेत हा विषय तुम्ही स्वतः मांडा, आणि सत्कार करणाऱ्यांची नावे घेऊन मांडा.

प्रश्न : मुलींना प्रादेशिक सेनेत जाता येते का?
— पदवीची विद्यार्थिनी, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : जाता येते. पूर्वी बहुतेक तुकड्यांचे दार मुलींना बंद होते. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये महिलाही पात्र आहेत असा निकाल दिला आणि अधिकारीपदाची परीक्षा त्यांना खुली झाली. पदवी आणि स्वतःचे उत्पन्नाचे साधन या दोन अटी मुलांइतक्याच तुलाही आहेत, म्हणून पदवीनंतर आधी काम धर आणि मग अर्ज कर. नागपूरला जाणे झाले तर सीताबर्डीचा किल्ला पाहून ये. प्रादेशिक सेनेच्या ११८ व्या बटालियनचा मुक्काम तेथे अनेक वर्षे होता, आणि २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांना आत जाऊन पाहता येतो.

प्रश्न : माझे थोरले बंधू साठच्या दशकात सात वर्षे पलटणीत होते आणि पुढची आठ वर्षे राखीव म्हणून घरी. लढाईच्या वर्षी तार आली आणि ते औत सोडून गेले. गावात त्यांना सर्व जण ‘रिझर्व्हिस्ट’ म्हणत. आता चार वर्षांनी परतणारे अग्निवीर तसेच राखीव असतील काय?
— एक ज्येष्ठ वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : काकाजी, तुमच्या बंधूंसारखी माणसे आता गावोगाव एखाददुसरीच उरली आहेत, आणि ‘रिझर्व्हिस्ट’ हा शब्द कळणारेही तेवढेच. त्या पद्धतीत पलटणीची आणि राखीव मिळून पंधरा वर्षे भरली, की लहानसे का होईना निवृत्तिवेतन मिळे. त्यामुळे घरी बसलेल्या माणसाचा सैन्याशी धागा तुटत नसे आणि गावालाही तो माणूस कोणाचा आहे हे ठाऊक असे.

अग्निवीराची गोष्ट वेगळी आहे. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले नियमित सेवेत घेतली जातील. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळेल, निवृत्तिवेतन मिळणार नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. त्यांना तुमच्या बंधूंसारखी तार येण्याची तरतूद या योजनेत नाही. म्हणजे शस्त्र चालवायला शिकलेला, बावीस-पंचवीस वर्षांचा, सैन्याशी कागदोपत्री संबंध संपलेला तरुण प्रथमच आपल्या खेड्यांत एवढ्या संख्येने परतणार आहे. त्यांच्यातल्या ज्यांना शेती किंवा दुसरा धंदा आहे, त्यांनी प्रादेशिक सेनेच्या भरतीकडे पाहावे असे मला वाटते. वय त्यांच्या बाजूने आहे आणि हात शिकलेला आहे. निवृत्त जवानांना घेऊन झाडे लावणाऱ्या पर्यावरण बटालियनही याच सेनेत आहेत. पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उजाड डोंगरांसाठी उभारली, आणि आपल्या मराठवाड्यासाठी २०१७ मध्ये महार रेजिमेंटशी जोडलेली एक निघाली. माळरानावर खड्डे खणून रोपे जगवणारा शिपाई पाहिला, की त्याला अर्धा म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही, असे तिकडच्या एका स्नेह्याने मला सांगितले होते.

बंधू हयात आहेत की नाहीत हे पत्रात नाही. त्यांच्या पश्चात वहिनी असतील आणि त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू नसेल, तर जुन्या पेटीतून त्यांचे डिस्चार्ज बुक शोधून काढा. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिल्यांदा तेच मागतील. नाव आणि नंबरची पाने उंदरांनी खाल्ली असतील, तरी उरलेले तुकडे टाकून देऊ नका. पेटीच्या झाकणावर नंबर रंगवलेला असेल, तो उतरवून सोबत न्या.